पडछाया आणि प्रतिपक्ष : हरिलाल गांधींच्या कथेची दोन रूपे

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे १९४० पासूनच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. पुढच्याच महिन्यात त्यांचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांनी इस्लाम स्वीकारून अब्दुल्ला हे नाव धारण केले. वर्ष संपण्यापूर्वी ते आर्य समाजामार्फत परतलेही. रक्ताच्या नात्यापलीकडचे कुटुंब वर्धा जिल्ह्यात आकार घेत असताना रक्ताचे नाते असे चव्हाट्यावर तुटत होते.

या दुराव्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथील सत्याग्रहात वारंवार तुरुंगवास भोगलेल्या हरिलालना लोक 'छोटे गांधी' म्हणत. प्राणजीवन मेहता यांनी इंग्लंडमधील शिक्षणासाठी देऊ केलेली शिष्यवृत्ती मात्र गांधींनी पुत्राऐवजी छगनलाल यांना दिली. पित्याच्या लेखी जो निःपक्षपात होता, तोच पुत्राच्या लेखी विश्वासघात ठरला. १९११ मध्ये हरिलालनी घर सोडले; १९१८ मध्ये पत्नी गुलाब निवर्तल्या आणि उरलासुरला आधारही गेला.

दिनकर जोशी यांची गुजराती कादंबरी 'प्रकाशनो पडछायो' (१९८८) आणि तिच्यावर आधारलेले अजित दळवी यांचे मराठी नाटक 'गांधी विरुद्ध गांधी' यांच्या शीर्षकांतील भेद केवळ शाब्दिक नाही. पडछायेला स्वतंत्र अस्तित्व नसते. पण तिच्या निर्मितीतून प्रकाशालाही अंग काढून घेता येत नाही. 'विरुद्ध' हा शब्द न्यायालयातला. तो पुत्राला पित्याच्या बरोबरीचा पक्षकार करतो आणि प्रेक्षकाला न्यायासनावर बसवतो. कादंबरीला दशकांचा अवकाश लाभतो, म्हणून तिला प्रेमाची झीज दाखवता येते. नाटकाला ती झीज समोरासमोरच्या संघर्षात एकवटावी लागते. पडछाया प्रतिपक्ष होते ती या विधांतराच्या गरजेतून.

परंतु दोन्ही रूपकांत कस्तुरबा मावत नाहीत. त्या ना प्रकाश, ना पडछाया. ना वादी, ना प्रतिवादी. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांचे निधन झाले. गांधींच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, जून १९४८ मध्ये, हरिलालही मुंबईच्या रुग्णालयात वारले. तत्त्वासाठी पुत्र दूर सारणारा पिता आणि पित्याला क्षमा न करणारा पुत्र या दोघांवरही जिची माया अखेरपर्यंत टिकली, तिच्या बाजूने ही कथा वाचली की निकालाचा प्रश्नच गौण ठरतो. उरते ते कोणाच्याही पक्षात न बसणारे दुःख. या विषयाची शोकात्मता तेथे आहे.