मुंबई-लंडन, सरळ रेषेत

परवा पुतणी आली होती. तिचा बाबा कामासाठी लंडनला जाऊन-येऊन असतो, त्यामुळे तिचा प्रश्न ठरलेला: "काका, बाबा कुठून जातो?" शेवटी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला. दोरा कराचीवरून गेला, मग इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी. साधारण ७२०० किलोमीटर.

गंमत म्हणजे आपल्या एअर इंडियाची विमानं सुरुवातीला ह्या दोऱ्याच्या आसपासही नव्हती. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं. चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान, ३५ प्रवासी, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटा. सोळा वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, ह्याच टाटांनी लंडनहून आलेलं टपाल कराचीहून एका चिमुकल्या विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं होतं. दोऱ्याचा पहिला तुकडा तेवढा त्यांनी उलट दिशेने उडून काढला, म्हणायचं.

कैरो-जिनिव्हाच्या वळशाची किंमत मात्र मोठी पडली. ३ नोव्हेंबर १९५० ला तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँवर आदळलं. ४८ माणसं गेली. त्यांत बहुतेक खलाशी, इंग्लंडमधल्या जहाजावर रुजू व्हायला निघालेले. बोटीवर चढण्यासाठी विमानाने निघालेली माणसं! २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' जवळपास त्याच जागी कोसळलं. हे जेट विमान, बोइंग ७०७, पण दिल्ली, बैरुत, जिनिव्हा असे थांबे होतेच. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा. गोलावर पाहिलं तर माँ ब्लाँ दोऱ्यापासून केवढा तरी दक्षिणेला आहे. थांबा जिनिव्हाला होता म्हणून विमानं तिथे होती, एवढंच.

आमचे आजोबा पन्नासच्या दशकात शिकायला गेले ते बोटीनेच, सुएझमधून, अडीच आठवडे. विमान होतं, पण ते आमच्यासारख्यांसाठी नव्हतं. पणजोबा गेल्याची तार त्यांना तिकडे मिळाली. निघून उपयोग नव्हता, ते निघाले नाहीत. आजी सांगायची, त्या दिवशी ते नेहमीसारखे वर्गात जाऊन बसले. ह्यावर ते स्वतः कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. (आत्या, तुला जास्त माहीत असेल तर कळव.)

आता मुंबईहून बसलं की कुठेही न उतरता नऊ-दहा तासांत लंडन. तरी दोरा काही सरळ राहिलेला नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं, आणि पश्चिमेकडे जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली.

मी एकेक देश दाखवत होतो तशी पुतणी दोरा बोटाने बाजूला सारत होती. सारता सारता तो तोकडा पडला. मग तिने दुसरा, लांब दोरा आणायला मला उठवलं.