वहीतले वाक्य कोणाचे?

शाळेचा इतिहास लिहिताना आपण इमारती, निकाल आणि पारितोषिके यांची नोंद घेतो; विद्यार्थ्यांच्या वह्यांकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः एखादा विषय कसा शिकवला गेला, याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार वहीच असते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने इंग्रजीच्या वहीचा हा इतिहास येथे थोडक्यात मांडत आहे. त्या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो : वहीतले वाक्य कोणाचे आहे?

मेकॉलेचे टिपण १८३५ चे, वुडचा खलिता १८५४ चा आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांची स्थापना १८५७ ची. पुढे मॅट्रिकची परीक्षा हे सरकारी नोकरीचे आणि उच्च शिक्षणाचे प्रवेशद्वार ठरले व इंग्रजीचे वर्ग त्या परीक्षेच्या मापाने बेतले गेले. मराठी मुलांच्या हाती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. थोडे नवे शब्द, एक नियम आणि मग दोन्ही भाषांतून करावयाची भाषांतरे, असा तिचा क्रम. या पद्धतीचे ऋण मान्य केले पाहिजे. तिने मुलाच्या मराठीला वर्गाबाहेर उभे केले नाही आणि शब्द तोलून वापरण्याची सवय लावली. मात्र वहीतले वाक्य पुस्तकाचेच राहिले.

आपल्या हैदराबादेत चित्र थोडे निराळे होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा विषय अनिवार्य होता. घरी मराठी, बाजारात दखनी, शेजारी तेलुगू, उच्च शिक्षणात उर्दू आणि जोडीला इंग्रजी, असा येथील मराठी विद्यार्थ्याचा भाषासंसार होता. अनेक भाषांत वावरण्याचा हा वारसा आपल्या मुलांना आजही लाभला आहे.

स्वातंत्र्यानंतर संरचना पद्धतीचा काळ आला. १९५८ मध्ये हैदराबादेतच केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तीच आजचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ होय. वाक्यरचना सोपीकडून अवघडाकडे क्रमाने मांडायच्या आणि सरावाने पक्क्या करायच्या, हे या पद्धतीचे सूत्र. तिचे आवडते साधन म्हणजे सब्स्टिट्यूशन टेबल. हॅरल्ड पामर यांनी १९१६ मध्येच अशा शंभर तक्त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. तीन रकाने, प्रत्येकात चार शब्द. प्रत्येक रकान्यातून एक शब्द उचलला की चौसष्ट वाक्ये तयार. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे मोठेच वरदान होते, कारण चुकायला वाव कमी होता. परंतु ती चौसष्ट वाक्ये शुद्ध असली, तरी लिहिणाऱ्या मुलापुरते त्यांतील एकही खरे असण्याची अट नव्हती. वाक्य आता पुस्तकाऐवजी तक्त्याचे झाले.

या अडचणीला दक्षिण भारतातूनच एक उत्तर मिळाले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातील शाळांत एक प्रयोग केला. त्यात मुलांसमोर व्याकरणाऐवजी काम ठेवले जाई. रेल्वेचे वेळापत्रक पाहून सोयीची गाडी शोधा. नकाशा पाहून वाट सांगा. मन अर्थात गुंतले असताना भाषेची रचना आत रुजते, हा त्यामागील विचार होता. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील बहुभाषिकता ही अडचण नसून साधनसंपत्ती आहे, ही भूमिका घेतली.

या सर्व टप्प्यांकडे पाहता एक गोष्ट जाणवते. जुने टाकून देण्याची गरज नाही. जुन्याला खरेपणाची अट जोडली की पुरे. पाच-दहा मिनिटांच्या लेखनात हे सहज साधते. तोच तक्ता द्यावा आणि सांगावे, ‘यातून स्वतःविषयीची खरी पाच वाक्ये लिहा.’ भाषांतरच करायचे, तर आजीने मराठीत सांगितलेला निरोप शेजारच्या तेलुगू काकूंसाठी इंग्रजीत चिठ्ठीवर उतरवावा. श्रुतलेखन करायचे, तर लहानसा उतारा दोनदा वाचावा, मुलांनी मोजके शब्द टिपावेत आणि चौघांनी मिळून तो पुन्हा आपल्या वाक्यांत उभा करावा. लिहिण्याआधी दोन मिनिटे मराठीत बोलू द्यावे. काय सांगायचे ते आधी ठरू द्यावे. तपासताना शिक्षकाने प्रथम मजकुराला एका ओळीचे उत्तर लिहावे आणि मग एकाच प्रकारच्या चुका दाखवाव्यात. लाल शाईने भरलेली वही मूल पुन्हा उघडत नाही.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवताना पालकांची पहिली शंका इंग्रजीविषयीच असते. त्या शंकेला भाषणांनी उत्तर देता येत नाही. मराठीतून विचार करणारे मूल आपल्या मनातली गोष्ट इंग्रजीत चार ओळींत नीट लिहू लागले, की पालकांना उत्तर मिळते आणि शाळेलाही बळ येते. शाळेच्या पुढील वाटचालीत प्रत्येक इयत्तेच्या इंग्रजीच्या वहीत, रोज निदान एक तरी वाक्य त्या मुलाचे स्वतःचे असावे, एवढीच अपेक्षा.