खालच्या गावाने लिहिलेला नियम

वरच्या गावाने नदीत जे सोडलं ते खालच्या गावाच्या घागरीत येतं, हे नदीकाठच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. आज आम्ही अशाच एका खालच्या गावाची गोष्ट सांगणार आहोत. गाव अमेरिकेतलं आहे, पण दुखणं ओळखीचं वाटेल.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातून रिओ ग्रांदे ही मोठी नदी वाहते. तिच्या काठी आल्बुकर्की हे शहर आहे. 1990 साली तिथे पावणेचार लाखांहून जास्त लोक राहत होते. शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून नदीत सोडलं जाई. तिथून सुमारे 8 किलोमीटर खाली इस्लेटा हे पुएब्लो आदिवासींचं गाव. वस्ती काही हजारांची. त्यांची शेती या पाण्यावर. धार्मिक विधींतही नदीत उतरायचं, तिचं पाणी तोंडात घ्यायचं, ही त्यांची जुनी रीत.

अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा 1972 साली आला. नदीचं पाणी किती स्वच्छ हवं हे राज्यांनी ठरवायचं होतं. आदिवासींना त्यात जागा नव्हती. 1987 साली कायदा दुरुस्त झाला आणि पात्र आदिवासी समाजांना राज्यासारखाच हा अधिकार मिळू लागला.

त्याच सुमारास इस्लेटाने व्हर्ना विल्यमसन यांना गव्हर्नर, म्हणजे कारभाराचं प्रमुख, म्हणून निवडलं. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच बाई. त्यांनी नदीचा प्रश्न लावून धरला.

गावाने काय केलं? नुसतं गाऱ्हाणं मांडलं नाही. आपण या पाण्याचं काय काय करतो, ते लिहून काढलं: शेती, मासे, आणि विधीसाठी अंगावर व तोंडात घेणं. मग त्यासाठी पाणी कसं हवं, त्यात काय किती चालेल, याचे आकडे ठरवले. डिसेंबर 1992 मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने ते मंजूर केले. अमेरिकेतल्या आदिवासी समाजांमध्ये असे नियम मंजूर करून घेणारं इस्लेटा पहिलं.

शहराला सांडपाणी सोडायचा परवाना हीच संस्था देत असे. आता परवाना देताना खालच्या गावाचे आकडे पाहणं भाग होतं. शहर कोर्टात गेलं. त्यांचंही म्हणणं होतं. आर्सेनिकची मर्यादा त्या वेळच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा कडक होती, आणि तिकडच्या जमिनीतच आर्सेनिक आहे. प्रक्रियेचा खर्च मोठा, तो शेवटी शहरातल्या माणसांच्याच माथी येणार.

खटला चालू असतानाच 1994 साली शहर, गाव, राज्य आणि केंद्राची संस्था असे चौघे एकत्र बसले आणि परवान्याबाबत तोडगा निघाला. पुढे 1996 साली वरच्या कोर्टाने गावाचे नियम योग्य ठरवले. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने शहराचं अपील ऐकायला नकार दिला.

मैत्रिणींनो, एका निकालाने नदी निर्मळ होत नाही. पण शहराला खालच्या गावाशी बसून बोलावं लागलं, कारण गावाच्या हातात मंजूर झालेला कागद होता.

आपला कायदा वेगळा आहे, ग्रामपंचायतीला असा अधिकार नाही. तरी जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात. आपल्या गावातल्या त्या पाच कोण? तपासणीचा संच कुठे आहे? पुढच्या मासिक बैठकीत हे विचारू या. बचतीच्या वहीशेजारी पाण्याची एक वही ठेवू या: तारीख, जागा, तपासणीत काय आलं, आणि त्या पाण्याचं आपण काय करतो. ग्रामसभेत जाताना ती वही आपल्या काखेत असू दे.