एकच भाव

जपानला जाऊन आलेल्या माणसानं फुजी पर्वत आणि साकुरा यांवर लिहावं अशी रीत आहे. मी लिहिणार आहे दुकानांवर. नातेवाईक हसतील, हसोत बापडे!

माझी धाकटी सून तोक्योची. तिच्या माहेरी तीन आठवडे राहिले. विहीणबाईंना मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, आणि दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी धड वाक्य होत नाही. तरी रोज सकाळी दोघी पिशव्या घेऊन बाहेर! कारण तिथं खरेदीला बोलावंच लागत नाही. वस्तूवर आकडा असतो, गल्ल्यापाशी छोटी ताटली असते. पैसे तिच्यात ठेवायचे, सुट्टे तिच्यातूनच घ्यायचे. पाच आणि पन्नास येनच्या नाण्यांना मधोमध भोक असतं. आजीच्या डब्यातला १९४३ नंतरचा भोकाचा पैसा आठवला.

सगळ्यात रमले ती शंभर येनच्या दुकानात. लसूण सोलायची रबरी नळी, केळ्याच्याच आकाराचा केळ्याचा डबा, खुर्चीच्या पायांना घालायचे मोजे (हो, मोजे!)... बहुतेक सगळं शंभरला, वर दहा येन कर. यातली सर्वांत मोठी साखळी 'दायसो'. तिचे संस्थापक यानो हिरोताके १९७२ साली ट्रकमधून माल विकायचे. गिऱ्हाइकं तुटून पडायची, किमतीच्या चिठ्ठ्या लावायला सवड मिळेना, म्हणून त्यांनी सगळंच शंभर येन करून टाकलं असं सांगतात.

पण ठरलेल्या भावाची गोष्ट याहून तीनशे वर्षं जुनी आहे. १६७३ साली, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, मित्सुई ताकातोशी या पन्नाशी उलटलेल्या माणसानं एदोत (आजच्या तोक्योत) 'एचिगोया' नावाचं कापडाचं दुकान काढलं. तेव्हा मोठे कापडवाले सरदारांच्या वाड्यावर माल घेऊन जात, उधार देत. वसुली सणासुदीला, वर्षातून एकदोनदा. अडकलेल्या पैशाचं व्याज आणि बुडीताची भीती दोन्ही भावात आधीच चढवलेली! मित्सुईंनी जाहीर केलं : पैसे रोख, भाव एकच, वाढवून सांगणार नाही. शिवाय अख्खा तागा घ्यायची सक्ती नाही, हवं तेवढं कापून मिळेल. पैसा लगेच हाती येई, त्यातून पुन्हा माल भरता येई, म्हणून कमी नफ्यावरही दुकान चाले. इतर व्यापाऱ्यांनी त्यांचा भरपूर छळ केला. १६८३ मध्ये दुकान दुसरीकडे हलवलं, आणि ते आणखीच वाढलं. पाऊस आला की दुकानाचं नाव लिहिलेल्या छत्र्या गिऱ्हाइकांना वापरायला द्यायचे. भर पावसात फुकटची जाहिरात! पुढे १९०४ साली याचंच 'मित्सुकोशी' झालं. निहोम्बाशीला आजही आहे.

मला यातली सवलत महत्त्वाची वाटली नाही. भाव माणूस बघून ठरत नाही, हे मोठं वाटलं. यात्रेकरूला एक भाव आणि गावकऱ्याला दुसरा, हे आम्ही नाशिककर लहानपणापासून बघतो. ज्याला बोलता येत नाही, ज्याला लाज वाटते, जो पोरसवदा आहे, तो जास्त पैसे मोजतो. शाळेत अशी मुलं खूप पाहिली. आईनं दिलेली नोट मुठीत घट्ट धरून दुकानासमोर नुसती उभी राहणारी. एकच भाव ही त्यांची सोय.

असो. पुढे विहीणबाई नाशिकला आल्या. त्यांना भांडी बाजारात घेऊन गेले. पितळी समईवरून दुकानदाराची आणि माझी जुंपली. मी दोनदा दुकानाची पायरी उतरले, दोनदा त्यानं हाक मारली. विहीणबाई माझ्या पदराला धरून उभ्या, चेहरा पांढराफटक. भांडणच लागलं असं वाटलं त्यांना! सौदा ठरल्यावर त्यानं चहा मागवला, नातवंडांची चौकशी केली, वर एक छोटी पळी समईसोबत बांधून दिली.

विहीणबाईंनी पळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि तिच्यावर किंमत कुठे लिहिलीय ते शोधू लागल्या.