रुग्णसेवेचे शिक्षण : हैदराबादपासून अंबाजोगाईपर्यंत

वाचकहो, दहावीचा निकाल लागला की आपल्या सिरसाळ्यात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? मुलाला गुण चांगले मिळाले असतील तर उत्तर ठरलेले असते, ‘डॉक्टर करायचे.’ मुलीच्या बाबतीत मात्र आवाज जरा खाली येतो आणि ‘बघू, काही तरी करू’ असे म्हणून विषय बदलला जातो. डॉक्टर म्हणजे मान, पैसा आणि गाडी, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. तो मान मिळवण्यापूर्वी विद्यार्थ्याला काय शिकावे लागते, कसे शिकावे लागते आणि कशासाठी शिकावे, याचा विचार फारसा होत नाही. या प्रश्नाला आपल्याच मुलुखाचा जुना इतिहास आहे. तो आपल्यापुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे आपण जाणताच. त्या काळी आपल्या भागातील माणसाला मोठे शिक्षण घ्यायचे झाले तर मुंबई-पुण्याइतकीच, किंबहुना अधिक, हैदराबादची वाट जवळची वाटे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले १८४५ साली. त्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १८४६ मध्ये, हैदराबादेत वैद्यकाची शाळा निघाली. चौथे निजाम नासिर-उद्-दौला त्या वेळी गादीवर होते. इंग्रज रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांनी औषधाचा एक थेंबही न देता, केवळ पथ्यावर, निजामांची प्रकृती सुधारली आणि त्यावरून ही शाळा काढण्याचे ठरले, असे सांगितले जाते. डॉ. मॅक्लीन हेच या शाळेचे पहिले प्रमुख झाले.

या शाळेची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. मुंबईला वैद्यक इंग्रजीतून शिकवले जात होते, तर हैदराबादला ते उर्दूतून शिकवले गेले. पुस्तके पाश्चात्त्य शास्त्राची, पण भाषा इथली. शिकून बाहेर पडणाऱ्यांना ‘हकीम’ हीच पदवी दिली जाई. जुन्या युनानी हकिमांवर लोकांचा जो विश्वास होता, तो या नव्या शिकलेल्या तरुणांच्या वाट्याला यावा, हा त्यामागचा शहाणपणा असावा. आपल्या मराठी बोलीतही दवा, इलाज, जखम, मलम, दवाखाना हे शब्द आज इतके मुरले आहेत की ते फारसी-अरबीतून आले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुखणे जात-धर्म पाहून येत नाही आणि त्यावरचे शब्दही कोणा एकाच्या मालकीचे राहत नाहीत.

पुढे १८८५ च्या सुमारास डॉ. एडवर्ड लॉरी हे या शाळेचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली आणि मुलींनाही प्रवेश मिळाला. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला बेशुद्ध करण्यासाठी त्या काळी क्लोरोफॉर्म वापरत. त्याने काही रोगी टेबलावरच दगावत. ते का दगावतात, यावर मोठा वाद होता. हृदय आधी थांबते, म्हणून नाडीवर बोट ठेवा, असे एक पक्ष म्हणे. श्वास आधी थांबतो, म्हणून छातीची हालचाल पाहा, असे लॉरी म्हणत. याचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ अशी दोन वेळा हैदराबादेत चौकशी मंडळे बसली. दुसऱ्या खेपेस निजाम सरकारने खर्च दिला आणि इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय पत्राने डॉ. लॉडर ब्रंटन यांना इकडे धाडले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ हे नाव जगभर गाजले. निकाल लॉरी यांच्या बाजूचा लागला.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते. म्हणजे हैदराबादचा गाजलेला निष्कर्ष अपुरा ठरला. मग ते सारे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. रोग्याच्या श्वासावर क्षणभरही नजर ढळू न देण्याची शिस्त तिथल्या विद्यार्थ्यांच्या अंगी बाणली, ती आजही भूल देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पाळावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, वैद्यकातले ज्ञान हे असे वाढते. आज पाठ केलेले उद्या दुरुस्त करावे लागते. म्हणून या मार्गाला जाणाऱ्याने केवळ पाठांतरावर विसंबू नये. पाहण्याची आणि पडताळण्याची सवय लावावी.

या काळातील विद्यार्थ्यांत एक नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी घरातील मुलगी १८८५ ते १८८९ या काळात या शाळेत शिकली. तिच्यासोबत आणखी चार मुली होत्या. तिने ‘हकीम’ ही पदवी मिळवली आणि रोग्याला भूल देणे हेच आपले काम मानले. जगातील अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज तिची गणना होते. हैदराबादच्या दवाखान्यांत वीस वर्षे काम केल्यावर, १९०९ साली, ती एडिनबरोला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाली. कशासाठी? तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकण्यासाठी. भूल देणाऱ्याला वायू आणि द्रव्ये यांचे ज्ञान हवे, ते आपल्याला पुरेसे नाही, असे तिला वाटले. नोकरी लागली की पुस्तक फडताळात ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावरून काही घ्यावे.

त्याच सुमारास इकडे मराठी मुलुखात आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घडले. १८६५ साली कल्याण येथे त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी बाळंतपण. ते मूल दहा दिवसांचे होऊन गेले. बायकांना बायकांकडून औषधोपचार मिळण्याची सोय नाही, हे दुःख त्यांनी स्वतः भोगले आणि त्यातूनच त्यांनी वाट ठरवली. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. क्षयाने शरीर पोखरले होते. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. एकही रुग्ण त्यांना स्वतंत्रपणे तपासता आला नाही, तरी त्यांचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल? त्यांच्या मागून गेलेल्या मुलींना ‘हे होऊ शकते’ एवढे तरी ठाऊक होते.

आता पुन्हा आपल्या वाटेने पुढे येऊ. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे पुन्हा उर्दू हे माध्यम आले. इतिहास आणि गणितच काय, वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जाऊ लागले. त्यासाठी परकीय ग्रंथांची भाषांतरे करणारे खास खाते होते. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना सक्तीचा होता. म्हणजे समजण्यासाठी आपली भाषा आणि जगाशी जोडण्यासाठी इंग्रजी, अशी ती रचना होती. संस्थान विलीन झाल्यावर माध्यम बदलले. पण मातृभाषेतून शिकलेला मुलगा डॉक्टर होऊ शकत नाही, ही जी भीती आज काही पालकांच्या मनात बसली आहे, तिला इतिहासाचा आधार नाही. आज वैद्यक प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीतून आणि उर्दूतूनही देता येते. पुढचा अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, तेव्हा इंग्रजीची तयारी करावीच लागते. पण पाया आपल्या भाषेत पक्का झाला असेल तर वरची इमारत कोणत्याही भाषेत चढवता येते.

हैदराबाद दूर होते. गरिबाच्या मुलाला तिथवर पोहोचणे सोपे नव्हते. १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. त्यानंतर १९७४ साली आपल्या शेजारी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यातल्या रोग्यांसाठी, खेड्यातच वैद्यकीय महाविद्यालय, ही कल्पना त्या काळी नवीच होती. ज्या गावाला निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणत, जिथे घोडदळाची छावणी होती, तिथे आता डॉक्टर घडू लागले.

या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ डॉक्टर नव्हते. ते शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी त्यांनी हिप्परग्याच्या शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुले शिकवली. वैद्यकीय महाविद्यालयाला एका शाळामास्तराचे नाव असणे मला फार अर्थपूर्ण वाटते. डॉक्टर मेडिकल कॉलेजात तयार होतो हे खरे, पण त्याचे बीज गावच्या शाळेत पेरलेले असते.

आपल्या परिसरातील काही माजी विद्यार्थी-विद्यार्थिनी आज वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, प्रयोगशाळा अशा शाखांत शिकत आहेत. ईदच्या सुटीत गावी आले की त्यांच्याशी गप्पा होतात. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी वारंवार येतात. पहिली, सुरुवातीचे सहा महिने इंग्रजी शब्दांचे ओझे वाटते, मग ते शब्द रोजचे होतात. दुसरी, पुस्तकातला रोग आणि खाटेवरचा रोगी यांत फार अंतर असते. पुस्तकातला रोग बोलत नाही, खाटेवरची म्हातारी मात्र विचारते, ‘लेकरा, मी बरी होईन ना?’ तिसरी गोष्ट नर्सिंगला शिकणाऱ्या मुली सांगतात. पहिल्यांदा रोग्याची घाण काढताना हात मागे येतो. पण तोच रोगी दुसऱ्या दिवशी ओळखून हसला की हात पुन्हा कधी मागे येत नाही. वाचकहो, मला वाटते खरा अभ्यासक्रम हाच आहे.

इथे एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी होते. मुली पोटातच मारल्या गेल्या, आणि सोनोग्राफीचे यंत्र काही अडाणी माणूस चालवत नसतो. पुढे ऊसतोडणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशये गरज नसता काढली गेल्याच्या तक्रारी उठल्या आणि २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कोयता घेऊन सहा-सहा महिने घराबाहेर राहणारी ती बाई कोणाला विचारणार? ऑपरेशन खरोखर हवे की नको, हे तिला तिच्या बोलीत समजावून सांगणारी शिकलेली मुलगी तिच्या ओळखीत असती, तर कितीजणी वाचल्या असत्या! म्हणून म्हणतो, केवळ डॉक्टर वाढून भागणार नाही. विद्येला ईमान नसेल तर ती विद्या सुरीपेक्षाही धारदार ठरते.

पालक बंधु-भगिनींनो, आता आपल्याशी दोन शब्द. डॉक्टर होणे ही या मार्गाची एक पायरी आहे, एकमेव नव्हे. ‘नीट’मध्ये जागा मिळाली नाही म्हणून मूल वाया गेले असे समजू नका. बारावीनंतर ए.एन.एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम. चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांत होते. मूल रात्रंदिवस पुस्तकात डोके घालून बसले असेल तर अधूनमधून त्याला हेही विचारा की, तुला दुसऱ्याच्या दुखण्याची कीव येते का? येत नसेल तर त्याला दुसरा मार्ग घेऊ द्या. जबरदस्तीने केलेला डॉक्टर रोग्यालाही नको असतो.

मुलींविषयी स्पष्ट बोलतो. ‘नर्सचे काम आपल्या घराण्यात शोभत नाही’, ‘रात्रपाळी असते’, ‘परक्या पुरुषांना हात लावावा लागतो’ अशा शंका आपल्या समाजात आहेत. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. वसतिगृह कसे आहे, ये-जा कशी होईल, हे जरूर पाहावे, स्वतः जाऊन पाहावे. पण कामालाच कमी लेखू नये. आपल्या सुनेच्या बाळंतपणाला बाईच डॉक्टर हवी, बाईच नर्स हवी, असा आग्रह आपण सारेच धरतो. मग ती बाई कोणाच्या तरी घरची मुलगी असणारच ना? दुसऱ्याच्या मुलीने शिकावे आणि आपल्या मुलीने घरी बसावे, हा न्याय कोणता? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले या शिक्षिकेने आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासमवेत रोग्यांची सेवा केली आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. ज्यांचे नाव आपण आदराने घेतो त्यांना ते काम कमीपणाचे वाटले नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, १८४६ साली हैदराबादच्या त्या शाळेत बसलेल्या पहिल्या मुलांजवळ ना वीज होती, ना प्रयोगशाळा, ना पुरेशी पुस्तके. तुमच्यापासून अंबाजोगाई एस.टी.ने जाऊन त्याच दिवशी परत येण्याइतकी जवळ आहे. एकदा तिथल्या रुग्णालयात जाऊन या. इमारत पाहण्यासाठी नव्हे. बाहेरच्या ओट्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन बसलेली माणसे पाहा. ती आपल्याच गावांतून, तांड्यांतून आणि वस्त्यांतून आलेली असतात. त्यांच्यासाठी काही करावे असे मनात आले, तर अकरावीला कोणती शाखा घ्यायची याचे उत्तर तुम्हाला कोणाकडे विचारावे लागणार नाही.