कुर्डुवाडी : दोन रुळांमधील गाव

बीड-धाराशिवकडील मोगलाईतून कापूस व गळिताची धान्ये बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत येत. परंतु मुंबईची आगगाडी तेथून एकवीस मैलांवर, कुर्डुवाडीस! १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियराने हे अंतर अडीच फुटी रुळांनी जोडले. १९११ मध्ये ती गाडी लातुरास पोहोचली. रुळांची रुंदी भिन्न, म्हणून प्रत्येक पोते कुर्डुवाडीस एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. व्यापाऱ्यास हा भुर्दंड खरा; हमालाची चूल मात्र त्यावरच पेटे. पंढरीचे वारकरीही येथेच गाडी बदलीत. १९५४ साली ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. पुढे २००८ च्या सुमारास लातूरचा मार्ग रुंद झाला आणि डबे थेट जाऊ लागले. जंक्शन राहिले, पोती चढविण्याचे काम संपले.