देवाच्या दारी खाडा नाही

आपल्या दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर अर्धा गावचा आणि अर्धा मुंबईचा लिहावा लागतो. १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली. पुढं परळ, लालबाग, वरळी, नायगाव हा सगळा मुलूख गिरणगाव झाला. आपल्याकडची माणसं तिथं एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपली, खाणावळीत जेवली आणि एकादशीला चाळीत टाळ घेऊन बसली. दिंडीचा तंबू, पखवाज, भिशी ह्यात त्यांच्या पगाराचा वाटा आहे.

पण त्यातल्या थोड्यांनाच वारी चालायला मिळायची. कायम कामगाराला एवढी मोठी रजा मिळणं अवघड. बदलीवाल्याला तर रजाच नाही. रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. वारीला पंधरा-वीस दिवस लागतात. तेवढे खाडे झाले की पगार गेला आणि गावाकडची मनीऑर्डर बुडाली. म्हणून आषाढीला ही मंडळी दादरशेजारी वडाळ्याच्या विठ्ठलाला जायची. मुंबईकर त्या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. दर्शन व्हायचं, पण वारी चुकल्याची रुखरुख मनात राहायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही. पुष्कळ जण बिऱ्हाड आवरून गावी आले. त्यात आपल्या दिंडीतला, लालबागला साच्यावर काम करणारा एक जण होता. तो सारखं म्हणायचा, "मी वारी चुकवली, म्हणून देव कोपला आणि गिरणी गेली." मी तेव्हा विशीत होतो. आपल्या त्या वेळच्या वीणेकरीबाबांनी त्याला दिलेलं उत्तर मी पुढं कितीतरी कीर्तनांत सांगितलं.

बाबा म्हणाले, "आरं, देव काय गिरणीच्या जॉबरासारखा हजेरी घिऊन बसलाय व्हय? पुंडलिक कुठल्या वारीला गेला हुता? आईबापाचं पाय दाबत बसला हुता. देवच दारात आला आन् विटंवर उभा ऱ्हायला. तू म्हातारा-म्हातारीला पैसं धाडत हुतास. तुला टाकून त्यो जाईल कुठं?"

माऊली, ह्यात आपल्या संप्रदायाचं मर्म आलं. देव आधी आला, वारी मागून सुरू झाली. गीतेच्या नवव्या अध्यायात देवानं स्वतः शब्द दिलाय की अनन्य भक्ताचा योगक्षेम मी वाहतो. ज्ञानोबांनी तो मराठीत उलगडून सांगितला. अरणचे सावता महाराज मळ्यातच राहिले. मीही शेतकरी आहे. पिकाला पाणी द्यायचं सोडून जाता येत नाही, हे मला कळतं. सावतोबांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी अजून पंढरपुराहून अरणला जाते.

२०२० साली महामारीत पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.नं पंढरपुरास गेल्या आणि आपण घराघरांत हरिपाठ केला. म्हणून देव काही विटेवरून उतरला नाही.

मग वारी करायचीच कशाला, असं तरुण पोरं विचारतात. लेकरू आईकडं जातं ते हजेरी लावायला नाही. आई तिथं आहे म्हणून जातं. माळ, एकादशी, वारी हे सगळं तसंच आहे. भीतीनं केलं तर ती वेठ होते, भरवशानं केलं तर सुख होतं.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आलेत. गिरणीवाल्यांची नातवंडं ऑफिसात आहेत, रजा त्यांनाही मिळत नाही. त्यांना एवढंच सांगणं: जमेल तेव्हा या, आनंदानं चाला. नाही जमलं तर वडाळ्याला जा, तेही नाही जमलं तर लोकलमध्ये नाम घ्या. मनाला लावून घेऊ नका. शब्द देवानं दिलाय आणि तो पाळायचं काम त्याचं आहे.

राम कृष्ण हरी.